दारातला रूळ

उपसरपंच जानराव पंचायतीत पेन हातात धरून बसला होता आणि समोरच्या कागदावर काही केल्या सही होत नव्हती. सार्वजनिक विहिरीवर कोणालाही मज्जाव नाही, गावात सलोखा आहे, असं कागदात लिहिलं होतं. अन् दाराबाहेर ओट्याखाली त्याच्याच बौद्धवाड्यातली भागिरथा बसली होती, कपाळाला फडकं बांधून. सकाळी त्याच विहिरीवर सरपंचाच्या पुतण्यानं तिचा हंडा हिसकून तिच्याच कपाळावर हाणला होता.

सरपंच भगवंतराव मोठा गोड माणूस. आवाज चढवणं त्याच्या गावीच नाही. उद्या मंगरूळपीरहून तहसीलदार दुष्काळ पाहायला येणार, अशात गावाची शोभा कशाला, असं त्यानं चहा पाजत पाजत समजावलं.

"माही सही कोनी पाहत बी नाही, जानराव. तुमचीच पाह्यतेत. त्यासाठीच तं तुमाले खुर्ची देल्ली."

खरं बोलला, हेच तर दुखणं! खुर्ची मिळाली त्या दिवशी अख्ख्या बौद्धवाड्यानं हार घातले होते. आता ती सोडावी तर वाड्याचा एकुलता माणूस पंचायतीतून गेला. धरून बसावं तर हे असं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

एकट्यानं नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. लाज वाटली, पण नव्हती. पाठीशी माणसं असती तर गोष्ट वेगळी. पाच वर्षांमागं वाड्यातल्या निंबावर टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा त्यानंच बडवला होता, अन् गायरानासाठी दोनशे माणसं तहसिलीवर चालत गेली होती. जानराव उपसरपंच झाला, तसा तो रूळही सोयीसाठी म्हणून पंचायतीच्या दारात आला.

त्यानं पेन टेबलावर टाकलं, बाहेर येऊन हातोडा उचलला आणि दणादणा रूळ बडवायला लागला. भागिरथा धडपडत उठून उभी राहिली.

माणसं आली. धावतच आली की! बायाही आल्या, काठी टेकत म्हातारेही आले. जानरावाचा ऊर भरून आला. मग त्याची नजर त्यांच्या हातांकडे गेली. एका हातात रेशनकार्ड, दुसऱ्यात पिशवी. कोणी न सांगता ओट्यापुढं लाइन लागली. वर्षभरात तो रूळ फक्त दुष्काळाची मिलो ज्वारी नाही तर सुकडीचा खाऊ वाटायलाच वाजला होता, अन् वाजवला होता जानरावानंच.

"आज मिलो हाय का सुकडी?" पहिल्या नंबरावरच्या उकंडरावानं विचारलं.

जानरावानं भागिरथेकडे बोट केलं. हिचं डोकं फोडलं, म्हणाला, सगळे मिळून तहसिलीवर चला. लाइनीत चुळबुळ झाली. नंबर कोणी सोडला नाही.

"आमी कायले?" उकंडराव मायेनंच म्हणाला. "तुमी आहा नं अंदर."

तेवढ्यात भगवंतराव बाहेर आला. लोक आलेच आहेत तर दोन-दोन पायल्या मिलो वाटून टाका, म्हणाला. त्यानं जानरावाच्या एका हातात कोठीची किल्ली दिली, दुसऱ्या हातात पेन दिलं. जानराव आहे म्हणून आपल्याला मिळतं, असं लाइनीत कोणी तरी बोललं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

भागिरथा अजून तशीच उभी होती, रिकाम्या हातानं.

"जानरावभाऊ," तिनं हळू विचारलं, "मी लायनीत लागू का घरी जाऊ?"