तिसरी रिंग

जेवणाची भांडी विसळून ओपल फोनपाशी बसली, आणि आज तिचा हातच पुढे होईना.

रोज या वेळी ती ओढ्यापलीकडच्या बहिणीला, नेल्डाला, फोन लावायची. दोन रिंगा झाल्या की ठेवायची. मी जिवंत आहे, एवढंच. मग नेल्डाच्या दोन रिंगा यायच्या. उचलायचं नाही. तिसरी वाजली तर समजायचं, काहीतरी झालंय, धावत ये. ही रीत आईने लावलेली. आईला पुरलं त्याच दिवशी दोघी भांडल्या, बोलणं तुटलं. रिंगा तेवढ्या राहिल्या.

आता त्याही जाणार होत्या. डोंगरातल्या चार घरांसाठी फोनची तार चालू ठेवा, अशी सक्ती सरकारला टेलिफोन कंपनीवर करता येणार नाही, असा राज्याच्या वरच्या कोर्टाने निकाल दिला होता. कायदा त्यांना कळतो, बरोबरच असेल म्हणा. पण केंटकीच्या या खोऱ्यात मोबाइल लागत नाही, हे त्यांना कोण सांगणार? तार आजच बंद व्हायची होती.

ओपलने नंबर फिरवला. एक रिंग. दोन. तिने फोन ठेवला नाही. तीन. चार. उचल गं बाई, आज तरी उचल. कोणी उचलला नाही. शेवटच्या दिवशीही एवढा राग? ओपलला रडू फुटलं.

थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं. नेल्डा. अंगात नवऱ्याचा जुना कोट, गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"कुठे पडलीस? काय झालं?"

"काही नाही. तुझा आवाज ऐकायचा होता."

नेल्डा धापा टाकत बघत राहिली. "तिसऱ्या रिंगेलाच निघाले मी. वाटभर रडत आले. आणि तू धडधाकट?"

"बस ना. कॉफी ठेवते."

"नको. परत असा खेळ केलास तर मी यायची नाही."

ती गेली. ओपलला तिला थांबवता आलं नाही.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. दोन रिंगा. नेल्डा घरी पोहोचली होती. ओपलने डोळे पुसून उत्तर द्यायला रिसीव्हर उचलला. आत काहीच आवाज नव्हता; तार बंद झाली होती.

तरीही तिने नंबर फिरवला, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. दोन रिंगा होतील एवढं थांबली, आणि मग फोन ठेवला.