पर्समधली स्ट्रिप

आबांनी खिशातून गोळ्यांची स्ट्रिप काढली आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर बरोब्बर मधोमध ठेवली.

"ही बघा. हिच्या पर्समध्ये सापडली."

शेजारच्या खुर्चीतली सून ताठ झाली. तिनं मांडीवरची पर्स घट्ट धरली.

आबा एकतीस वर्षं वजनमापांचे निरीक्षक होते. पारड्याखाली चिकटवलेला शिशाचा तुकडा ते नुसत्या बोटांनी ओळखायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण बोटांची सवय गेली नव्हती.

"नाव वाचा," ते म्हणाले. "मला घबराटीसाठी तुम्ही दिलीत, तीच गोळी. माझी स्ट्रिप घरी माझ्या डब्यात आहे, एक गोळी इकडची तिकडे नाही. मग ही दुसरी कुणासाठी?" त्यांनी छोटी वही उघडली. "गोळी सुरू होऊन अठरा दिवस झाले. जिभेला कोरड. उठलो की डोळ्यांपुढे अंधारी. मंगळवारी न्हाणीघराच्या दारात भिंत हाताला लागली म्हणून वाचलो. आधी छातीत धडधडायचं, पण पायांवर उभा तरी होतो. एका गोळीनं एवढं होत नाही, डॉक्टर. आणि सकाळचा चहा हीच देते."

"तुमचं म्हणणं काय आहे?"

"मी काहीच म्हणत नाही. नोंदी बोलतायत. परवा मी ही स्ट्रिप काढून घेतली, तेव्हापासून हिचे हात बघा. कप बशीत खडखडतो. नजरेला नजर देत नाही. माप खोटं निघालं की दुकानदारांचे हात असेच थरथरायचे."

डॉक्टरबाईंनी स्ट्रिप उलटी करून पाहिली, मग सुनेकडे पाहिलं. आबांच्या हिशेबानं ती नजर जरा जास्तच वेळ टिकली.

"एकमेकींकडे काय बघताय? उत्तर द्या."

"हे मी नाही सांगू शकत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हीही सामील!"

"परवापासून तुमच्याकडे होती?" सुनेनं हळूच विचारलं. "मला वाटलं, ह्यांच्या हाती लागली. दोन दिवस वाट बघतेय. आता विचारतील, मग विचारतील."

"मग कबूल?"

"माझी आहे ती, आबा. मी घेते. चार वर्षं झाली."

आबा हसले. "तू? तुला कसली आलीय घबराट? सकाळपासून गुणगुणत तर असतेस."

"गोळी घेते म्हणून गुणगुणते."

डॉक्टरबाई पुढे झुकल्या. "दोन दिवस घेतली नाहीस? एकदम बंद? काय होतंय?"

"डोक्यात मधेच वीज चमकल्यासारखं होतं. आणि हे हात."

"ही अशी एकाएकी तोडायची नसते. सांगितलं होतं ना?"

"मी नाही तोडली."

आबांकडे कुणीच पाहिलं नाही. त्यांनी वही मिटली.

"जीभ कोरडी पडते ना?" सून त्यांच्याकडे वळली. "सुरुवातीला माझीही पडायची. पाण्याचे घोट घेत राहायचं, कमी होतं. वजन तेवढं कमी होत नाही. माझं नऊ किलो वाढलं."

'सूनबाई, आता दारं रुंद करून घ्यावी लागणार!' हा विनोद आबांनीच केला होता. घरचे सगळे हसले होते. सगळ्यात मोठ्यानं तीच.

"मग घेतेस कशाला?" त्यांनी विचारलं. या वेळी आवाज निरीक्षकाचा नव्हता.

"नऊ किलो घेऊन ऑफिसला जाता येतं, आबा. त्याआधी जिना उतरता येत नव्हता. दाराची कडी धरून उभी राहायचे. ह्यांना सांगायचे, पाय मुरगळलाय." तिनं पर्स बाजूला ठेवली. "पण तुमच्यासारखी अंधारी मला कधी आली नाही. म्हणून तर मी फोन करून आजची वेळ घेतली. तुमची ती लघवीची गोळी डॉक्टरांना सांगितलीत का?"

"तिचा काय संबंध? ती दुसऱ्या डॉक्टरांची."

डॉक्टरबाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. बसवून दाब पाहिला, मग उभं करून. दुसरा आकडा बघून त्यांनी आबांना ताबडतोब खाली बसवलं.

"रक्तदाबाची गोळी आहेच, त्यात ती लघवीची, आणि वर माझी. उभं राहिलात की तिन्ही मिळून दाब उतरवतात आणि तुम्हाला पाडतात. मी त्या डॉक्टरांशी आजच बोलते. तोवर माझी निम्मी घ्या."

"सरळ बंदच केली तर?"

"तर धडधड परत येईल. तुम्हाला काय झेपतं, ते पंधरा दिवसांनी बघू."

डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास सुनेपुढे सरकवला. तिनं स्ट्रिप उचलली, पण थरथरत्या बोटांनी गोळी निघेना. चांदीचा कागद नुसताच चुरगळत होता. आबांनी स्ट्रिप तिच्या हातातून घेतली, अंगठ्यानं दाबली आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या सुनेनं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. तेवढ्यात आबांचा फोन वाजला. मुलगा होता.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"माझी गोळी निम्मी केली."

"आणि ही फोन का उचलत नाहीये? दोन दिवस बघतोय, काहीतरी लपवतेय माझ्यापासून. तुम्हाला काही माहितीये का, आबा?"

आबांनी सुनेकडे पाहिलं. तिनं डोळे उघडले होते.

"ती बसलीये जरा," ते म्हणाले. "बसू दे."