हातभर अंतर

सोमवारपासून ती पुन्हा कामावर रुजू होणार होती. पाळणाघर गावाच्या एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या. गाडी नाही तर नोकरी नाही, इतकं सरळ होतं. म्हणून आठवडाभर बाळाला मागे बसवून ती सराव करत होती, आणि जुन्या गाडीचे गिअर नेमके हटून बसले होते. "म्हातारी झाली ती, विकून टाकू," म्हणून नवरा मोकळा झाला होता.

उंचापुऱ्या मेकॅनिककाकांनी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले, मग एक चक्कर मारून आले. "ताई, लोण्यासारखे पडताहेत की! आता तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

बाळाला मागच्या सीटवर नीट बांधून तिने गाडी काढली. दुसरा टाकायला गेली तर खर्रकन आवाज. काका मात्र गिअरकडे नाही, तिच्या पायाकडे बघत होते.

"क्लच अर्धाच दाबताय. सीट एवढी मागे कशाला घेतलीत? पाय पोचणार कसा?"

ती ओशाळली. "पुढे घेतली की माझा हात बाळापर्यंत पोचत नाही हो."

काकांनी मागे वळून बाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हात राहू द्या. आवाज पोचतो ना?"

तिने गाडी बाजूला थांबवून सीट पुढे ओढली आणि पुन्हा निघाली. दुसरा पडला, तिसराही अलगद पडला. रस्त्यावरची नजर न हलवता तिने हाक मारली, "कुठंय माझं पिल्लू?"

मागून खिदळण्याचा आवाज आला, आणि चौथा कधी पडला ते तिला कळलंच नाही.