जिन्यावरून पडला

“जिन्यावरून पडला,” मुलाचा बाप अब्दुस्समी म्हणाला.

डॉक्टर शाहिंदाने चटईवर निजवलेल्या मोमिनच्या अंगावरची चादर दूर केली. सहा वर्षांचं पोर. दफनाआधी प्रेत पाहायचं, मृत्यूचं कारण लिहायचं आणि परवानगी द्यायची, एवढंच सरकारने तिला नेमून दिलेलं काम. बाहेर खांदेकरी खोळंबले होते. तिने मुलाला हलकेच कुशीवर वळवलं. पाठभर पट्ट्याचे वळ होते. काही जुने, पिवळे पडलेले. काही कालचे.

“कुठल्या जिन्यावरून?”

अब्दुस्समीने अंगणाकडे हात केला. अंगणात एक बकरी होती, भाकरीची भट्टी होती. कच्च्या विटांचं बसकं घर, वर खजुराच्या झावळ्यांचं छप्पर. मांजर चाललं तरी आत माती गळावी असं.

“इथे जिना नाही.”

“जिन्यावरून पडला हो,” मोमिनची आई इन्शिराह म्हणाली. तिच्यामागच्या बायका म्हणाल्या, “जिन्यावरून पडला बिचारा.” दारात उभा असलेला गावचा प्रमुख हाज दरदीर म्हणाला, “जिन्यावरूनच.” सगळ्यांचा सूर एक. जणू एकच कुणीतरी निरनिराळ्या तोंडांनी बोलत होतं.

मोमिनची धाकटी बहीण तेवढी गप्प होती. भिंतीला चिकटून उभी.

“ये गं, नाव काय तुझं?” शाहिंदाने हात पुढे केला.

“बस्मला,” तिची आई म्हणाली. पोरीने त्या हाताकडे पाहिलं आणि दोन्ही कोपरं वर करून डोकं झाकून घेतलं.

शाहिंदाने परवानगी दिली नाही. कारणाच्या जागी लिहिलं: मारहाण. प्रेत शवागारात गेलं आणि संध्याकाळच्या आत तिच्या साहेबांचा, डॉक्टर वगीहांचा फोन आला.

“शाहिंदा, पोरी, काय करून बसलीस? आपला तक्ता दरवर्षी कैरोला जातो. मारहाणीने मेलेल्या मुलांच्या रकान्यात आपल्या जिल्ह्याचं शून्य असतं. माझ्या आधीच्या साहेबाच्या वेळीही शून्यच होतं.”

“मग यंदा एक लिहा, सर.”

“एक लिहिलं की विचारतात, आधीचे कुठे गेले?”

दुसऱ्या दिवशी सकाळी जागा पाहायला सरकारी वकील आला. हातिम नावाचा तरुण, कडक इस्त्रीचा. शाहिंदा त्याच्यासोबत होती. अब्दुस्समीच्या दारात आख्खं गाव जमलं होतं. माणसं बाजूला झाली आणि ती दोघं अंगणात शिरली.

भिंतीला लागून जिना उभा होता.

भाजक्या विटांचा, चांगला रुंद. वर जाऊन झावळ्यांपाशी थांबत होता. तिथून पुढे पाय टाकायला जागाच नव्हती. बकरी दुसरीकडे बांधली होती. शाहिंदाने गर्दीकडे पाहिलं. बाप्यांची नखं, बायकांची मनगटं, सगळं सिमेंटने करडं होतं. कुणीही नजर चुकवली नाही.

तिने पायरीच्या गिलाव्यावर बोट दाबलं. बोट आत गेलं.

“ओलं आहे,” ती हातिमला म्हणाली.

त्यानेही बोट टेकवलं, पाहिलं आणि रुमालाला पुसलं. “अंगण शिंपलं असेल.”

“काल इथे जिना नव्हता. मी स्वतः पाहिलंय.”

“डॉक्टरीणबाई काल फार घाईत होत्या,” हाज दरदीर मायेने म्हणाला. “उन्हाचं होतं असं एखाद्याला.”

“आणि पाठीवरचे वळ?”

“पायऱ्यांच्या कडा,” हातिम म्हणाला. त्याने माणसं मागे सारून जिन्याचा फोटो काढला. इन्शिराहने चहा आणला. जिन्याकडे बघायचं टाळत ती पेले भरत राहिली. एक पेला भरून वाहू लागला तरी तिचा हात थांबेना.

शाहिंदाने बस्मलाला शोधलं. ती भट्टीमागे बसली होती. “या मुलीला तरी मला तपासू द्या,” ती हातिमला म्हणाली. “तिला इथे ठेवू नका.”

“ती मेलीय का?” हातिमने कागद मिटले. “तुमचं काम मेलेल्यांचं, डॉक्टर. जिवंतांचं खातं वेगळं आहे.”

तरीही शाहिंदा बस्मलाकडे गेली. तिला उचलायला वाकली. तेवढ्यात अब्दुस्समी मध्ये आला आणि त्याच्यामागे सगळं गाव. ती मागे सरली.

दुपारच्या नमाजानंतर मोमिनला पुरलं. कारणाच्या जागी हातिमने ‘जिन्यावरून पडला’ असं लिहवून घेतलं, ते शाहिंदाच्या सहीशिवाय चाललं. वगीहांनी स्वतः सही केली.

गाडीकडे परतताना कालव्याकाठच्या एका घरात थापीचा आवाज ऐकून ती थबकली. अंगणात दोन गवंडी भिंतीला लागून विटा रचत होते. तीन पायऱ्या झाल्या होत्या. वर तसंच झावळ्यांचं छप्पर. उंबऱ्यात दोन लहान मुलं पाय जुळवून बसली होती, काम बघत.

“इथे कशाला जिना?” शाहिंदाने विचारलं.

म्हातारा गवंडी वळलासुद्धा नाही.

“सिमेंट उरलं, डॉक्टरीणबाई,” तो म्हणाला. “आणि पोरं या घरातही आहेतच की.”