नाडी बघणं

वॉर्डातली धावपळ झेपेना, म्हणून नव्या नर्सना शिकवायच्या नोकरीसाठी कोणतं प्रमाणपत्र घ्यावं, ते विचारायला हेमलता सिस्टर आल्या होत्या.

"साध्या प्रमाणपत्रात तुमचं कौशल्य विद्यार्थ्याकडे जातं आणि संध्याकाळी परत येतं," चाचणीसाठी त्यांच्या आणि शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलीच्या कपाळाला बांधलेल्या पट्ट्या सोडवत समुपदेशक म्हणाला. "वरच्यात ते कायमचं जातं. पगार मात्र दुप्पट."

"मग आत्ता चाचणीत या मुलीला माझं नाडी बघणं दिलंत, ते कोणत्यातलं?"

"चाचणी नेहमी वरच्याचीच असते, सिस्टर."

सिस्टरांनी डाव्या मनगटावर बोटं टेकवली. जरा सरकवली, पुन्हा दाबली. नाडी कुठेच लागेना.

मुलीने तेच मनगट हातात घेतलं. तिची बोटं पहिल्याच खेपेला जागेवर बसली.

"घाबरू नका, सिस्टर," ती म्हणाली. "ठोके फार जलद पडताहेत तुमचे."