निवडलेला

"आई, मी विहारात येणार न्हाय."

पांढरी साडी नेसून, हातात मेणबत्त्यांचा पुडा घेऊन मुक्ताबाई दारात उभी होती. बुद्ध पौर्णिमेला मायलेक जोडीनं जायचे. नवरा गेल्यापासून तिला दुसरं होतं तरी कोण? अविराज बारामतीहून सकाळीच लासुर्ण्याला आला होता आणि दिवसभर तोंड चुकवत होता. गेल्या महिन्यात त्यानं बाप्तिस्मा घेतला होता. तेही आता त्यानं सांगून टाकलं.

ती आत येऊन खाटेवर टेकली. रागावली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"तुझ्या मनानं घेतलास?"

"आपल्या मनाचं काय नसतं त्यात. आमच्या चर्चच्या मंडळीत कॅल्विनची शिकवण मानत्यात. कुणाला तारायचं, ते देवानं जग घडवायच्या आधीच ठरवलंय. माणूस देवाला निवडत न्हाय, देव माणसाला निवडतो."

"जन्माच्या आधीच?"

"व्हय."

मुक्ताबाई जरा हसली. "तुझ्या आज्ज्यालाबी गावानं हेच सांगितलं हुतं. तुझं जन्माच्या आधीच ठरलंय, वेशीभायेरच ऱ्हायचं. त्यानं न्हाय ऐकलं. छप्पन साली आपल्या पायानं जाऊन दीक्षा घेतली."

देवाची कृपा वेगळी आणि गावाची जात वेगळी, हे अविराजला तोंडपाठ होतं. पण आईसमोर ते नुसतं पाठांतर वाटलं.

"मग तुला निवडलंय देवानं?"

"माझा तसा विश्वास हाय."

"अन् मला?"

एक 'व्हय' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण ज्या देवापायी आईचं मन मोडलं, त्याच्यादेखत खोटं कसं बोलायचं?

"ते मला सांगता येत न्हाय, आई." एवढं एकटं त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं.

विहारात वंदना सुरू झाली. मुक्ताबाईनं पुडा उचलला, चपला घातल्या आणि अंगणातून मागं वळून पाहिलं.

"माझं सोड रं. पण समज, तितं स्वर्गात तुझा आज्जा न्हाय, बाप न्हाय, मीबी न्हाय. तुला एकट्याला करमंल का?"