आठचा तीन

रविवारच्या पुरवणीतलं 'कुख्यात गुन्हेगार आणि त्यांचे अंक' हे सदर म्हणजे उपसंपादिकेच्या डोक्याला ताप झाला होता. अंकशास्त्रीबुवांचा लेख कधीच वेळेवर येत नसे, वर गुन्हेगाराची जन्मतारीखही तिनंच शोधून द्यायची. या खेपेला तिनं खटल्याच्या जुन्या बातमीतून घाईघाईत तारीख उतरवून पाठवली. तासाभरात लेख आला. 'जन्मांक आठ. आतल्या गाठीची, थंड डोक्याची व्यक्ती. दुसऱ्याच्या वेदनेचं हिला काहीच वाटत नाही.'

पान लावताना ती जुनी बातमी तिनं पुन्हा वाचली. तिनं लगेच बुवांना फोन लावला.

"सर, माझी चूक झाली. मी पाठवलेली तारीख खुन्याची नव्हती. त्यानं ज्या नर्सचा जीव घेतला, तिची होती."



"मग खुन्याचा जन्मांक किती येतो?"

"तीन."

"एवढंच ना? आठचा तीन करा. बाकी मजकुराला हात लावू नका."

"सर, हे सगळं तुम्ही त्या नर्सबद्दल लिहिलंय."

"मॅडम, सदर माझं आहे."

तिनं फोन ठेवला आणि अख्खा लेखच उडवला. त्या रविवारी पुरवणीत दोन शब्दकोडी छापून आली.